जबडा आवळला की मान का आखडते, आणि दोन्ही मोकळं कसं करायचं

उजवा तळहात डाव्या खांद्यावर, मान आणि खांदा जिथे मिळतात त्या मांसल भागावर ठेवा. बोटं सैल असू द्या. आता मागचे दात एकमेकांवर घट्ट दाबा, तीन मोजा आणि सोडा. बऱ्याच जणांना हाताखालचा स्नायू किंचित ताठ होऊन परत बसल्याचं जाणवतं. मग बोटं कानामागून गळ्याच्या हाडाकडे तिरक्या उतरणाऱ्या लांबट स्नायूवर ठेवून तेच करा. तिथे ते अधिक स्पष्ट कळतं. दात दाबायला खांद्याची गरज नव्हती, तरी तो कामाला लागला. डोकं स्थिर राहावं म्हणून मान आणि खांदा ही साथ देतातच. ती जेवणापुरती असेल तर बिघडत नाही. पण कामाच्या नादात तासन्‌तास दात टेकलेले राहिले, तर संध्याकाळी खांदे भरून येतात आणि माणूस उशीला दोष देतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. जबड्याचा मानेशी आणि खांद्यांच्या वरच्या भागाशी संबंध पक्का आहे, तो हाताला कळतो. कंबरेशी असलेला संबंध मात्र फार लांबचा आहे. ‘दातांचा चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण) सुधारला की पाठीचा कणा सरळ होतो’ असं कोणी सांगत असेल तर पैसे खिशातच ठेवा. उलट दिशेने जास्त घडतं: कंबर ढिली सोडून पोक काढून बसलं की छाती आत जाते, डोकं पुढे येतं आणि त्याचा भार शेवटी जबड्यावर पोहोचतो.

नेमकं काय कुठे जोडलेलं आहे

कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली जे हलतं तो जबड्याचा सांधा. तोंड उघडताना पहिले 20 ते 25 मिलिमीटर सांध्याचं गोल टोक जवळपास जागच्या जागी फिरतं, त्यापुढे ते खोबणीतून पुढे घसरतं. मध्ये एक पातळ चकती असते. ती पुढे सरकलेली असेल तर तोंड उघडताना ‘कट्ट’ वाजतं. वाजतं पण दुखत नाही, तोंडही पुरतं उघडतं, असं असेल तर त्या आवाजाच्या मागे लागू नका. अनेकांना तो आयुष्यभर असतो.

जबडा मिटणारे मोठे स्नायू दोन. एक गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत उतरतो, तो मॅसेटर. दुसरा कानशिलावर पंख्यासारखा पसरतो, तो टेम्पोरॅलिस. आतल्या बाजूला आणखी दोन असतात, पण ते बाहेरून चाचपता येत नाहीत. जबडा उघडणारे स्नायू हनुवटीखाली असतात आणि ते कंठमण्याच्या वर असलेल्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या हाडाला जोडलेले असतात. हे हाड दुसऱ्या कुठल्याही हाडाला सांध्याने जोडलेलं नाही, ते स्नायूंवर तरंगतं. त्याच हाडापासून खाली जाणारे स्नायू छातीच्या हाडाला मिळतात आणि त्यांतला एक थेट खांद्याच्या पात्याच्या वरच्या कडेपर्यंत जातो. म्हणजे हनुवटी ते खांद्याचं पातं अशी सलग ओढ आहे.

आता डोकं पुढे आल्यावर काय होतं ते बघा. डोक्याचं वजन साडेचार ते पाच किलो. ते धडावर सरळ असतं तेव्हा मानेला फार कष्ट नसतात. ते पुढे गेलं की मानेमागचे स्नायू त्याला धरून ठेवतात, आणि नजर समोर राहावी म्हणून कवटीच्या बुडाशी मान मागे मोडते. पुढच्या बाजूला गळ्याचे स्नायू ताणले जाऊन खालच्या जबड्याला मागे आणि खाली ओढतात. तोंड उघडं पडू नये म्हणून मॅसेटर आणि टेम्पोरॅलिस सतत थोडे आवळलेले राहतात. इथे एक दुष्टचक्र तयार होतं: मान पुढे म्हणून जबडा आवळलेला, आणि जबडा आवळलेला म्हणून मान ताठ.

हे स्वतः पाहायचं असेल तर पोक काढून, मोबाइल बघतो तसं डोकं पुढे घेऊन बसा आणि दात हलकेच दोन-तीनदा टेकवा. आधी कुठले दात लागतात ते ध्यानात ठेवा. मग ताठ बसून पुन्हा टेकवा. नंतर छताकडे बघून टेकवा. जागा बदलते, वर बघताना दात मागच्या बाजूला आधी लागतात. हा चाव्याचा दोष नव्हे, सगळ्यांचंच असं असतं. दुसरा प्रयोग त्याहून सोपा: हनुवटी छातीला टेकवा आणि मोठा आ करा. जमत नाही. आ करताना डोकं थोडं मागे जावंच लागतं, कारण उघडण्याच्या हालचालीत मान आणि जबडा जोडीने काम करतात. ताटावर वाकून, एका हातात फोन धरून जेवणाऱ्यांचा जबडा लवकर का थकतो, त्याचं उत्तर यात आहे.

दुखणं भलतीकडे का जाणवतं, याचंही कारण आहे. चेहऱ्याची मुख्य नस आणि मानेच्या वरच्या तीन नसा मेंदूकडे जाताना एकाच ठाण्यावर येऊन मिळतात. त्यामुळे मेंदूची जागेची गफलत होते. खांद्याच्या वरच्या स्नायूतली गाठ कानशिलात ठणकते, मॅसेटरचं दुखणं दाढेत किंवा कानात उतरतं. दाढ काढून घेतली तरी ठणका तसाच, अशी तक्रार येते ती बहुधा यातूनच.

आधी मोजमाप

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. तर्जनी आणि मधलं बोट त्यावर दाबून आकडा 1 किलोवर आणा, दोन-चारदा करा, म्हणजे हाताला तेवढा जोर कळेल. याच जोराने मॅसेटर (गालावर, वरपासून खालपर्यंत तीन जागी) आणि टेम्पोरॅलिस (कानशिलावर तीन जागी) प्रत्येकी पाच सेकंद दाबा. कानापुढच्या सांध्यावर निम्माच जोर, म्हणजे अर्धा किलो. नुसतं दबल्यासारखं वाटणं वेगळं आणि ‘हेच माझं रोजचं दुखणं’ असं वाटणं वेगळं. दुसरं झालं तर ती जागा कागदावर लिहा. दोन्ही बाजू तपासा.

मग आरशासमोर बसा. स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक, उभी, मधल्या सांध्यापर्यंत पुढच्या दातांत जायला हवीत. पट्टीने मोजलं तर वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमध्ये 40 ते 50 मिलिमीटर अंतर नेहमीचं. 35 च्या खाली असेल तर घरगुती उपायांवर न थांबता दाखवून घ्या. हनुवटी सरळ खाली येते की वाटेत एका बाजूला जाऊन परत मध्ये येते, तेही बघा. एका बाजूला जाऊन तिथेच राहत असेल आणि आधी येणारा ‘कट्ट’ आवाज अचानक बंद झाला असेल, तर चकती अडकलेली असू शकते. ओढूनताणून तोंड उघडू नका.

व्यायामाच्या वाटेला जाऊ नये अशा काही गोष्टी आहेत. चालताना किंवा जिना चढताना जबडा, गळा, डावा हात किंवा छाती भरून येत असेल तर ते हृदयाचं असू शकतं: थेट 108. पन्नाशीनंतर नव्यानेच कानशील दुखायला लागलं, चावताना जबडा लगेच दमतो, केसांतून फणी फिरवताना दुखतं किंवा अंधुक दिसतं, तर त्याच दिवशी डॉक्टर. उशिरामुळे दृष्टी जाऊ शकते. जखम झाल्यानंतर काही दिवसांनी जबडा आखडू लागला तर धनुर्वाताची शंका. ताप, गालाला सूज आणि तोंड उघडेना, तर अक्कलदाढेच्या संसर्गाची शंका. हातांना मुंग्या येऊन पकड सुटत असेल किंवा चालताना तोल जात असेल तर मानेतल्या मज्जारज्जूची तपासणी हवी. तोंड उघडल्यावर मिटेनासं झालं तर ओढाओढ न करता हनुवटीला रुमालाचा आधार देऊन दवाखाना गाठा.

आणि एक जे गोव्यात वेगळं सांगावं लागतं. फोंडा, प्रियोळ, सत्तरीच्या कुळागरांची (सुपारी-नारळाच्या बागांची) सुपारी घरोघरी असते, आणि जेवणानंतर खांड तोंडात टाकायची सवय अनेकांना आहे. सुपारी खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागलं, तिखट लागताच जळजळ होते, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ लागते, तर हा स्नायूंचा आखडलेपणा नाही. गालाच्या आतलं अस्तरच घट्ट होत चाललेलं असतं आणि त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात दाखवा आणि सुपारी त्याच दिवशी बंद करा. ‘थोडी कमी केली’ हे इथे चालत नाही. गुटखा-तंबाखूचं तर बोलायलाच नको.

दातांची विश्रांतीची जागा

ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या जरा मागे टाळूला टेकलेलं, श्वास नाकाने. ‘न’ म्हणताना जीभ जिथे लागते, साधारण तीच जागा. वरच्या-खालच्या दातांत 2 ते 4 मिलिमीटर फट राहते. जीभ टाळूला चिकटवून जोर लावायचा नाही, ती नुसती ठेवायची. दिवसभरात दातांना दात लागायला हवेत ते गिळताना आणि चावताना, बाकी वेळ नाही. ‘आपण दात आवळत नाही’ असं बहुतेकांना वाटतं, कारण हलकं टेकणं हे कुणी आवळण्यात धरत नाही. स्नायूला मात्र हलकं टेकणंही पुरेसं असतं, ते तासन्‌तास चाललं की.

ही सवय मोडायला इच्छाशक्ती कमी आणि खुणा जास्त लागतात. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कडेला, बाइकच्या टाकीवर, स्वयंपाकाच्या ओट्यासमोर, फोनच्या मागे असे छोटे रंगीत ठिपके चिकटवा. दिसला की तीन गोष्टी: दात सुटे, जीभ टाळूला, खांदे खाली. पाच सेकंदांत होतं. आठवड्याने ठिपके दिसेनासे होतात, मग जागा बदला. दोन-तीन आठवडे एवढंच नीट केलं तरी कानशिलं हलकी होऊ लागतात. ज्यांना व्यायामाचा कंटाळा आहे त्यांनी निदान हे करावं. सगळ्यात जास्त फायदा यातच आहे.

नाक चोंदलेलं असेल तर मात्र हे जमणार नाही. पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, कपाटातले कपडे कुबट होतात, आणि ज्यांना त्याची ॲलर्जी आहे ते चार महिने तोंडाने श्वास घेतात. तोंडाने श्वास म्हणजे जीभ खाली, डोकं पुढे. आधी नाकाचा उपाय करा. मिठाच्या पाण्याने नाक धुणार असाल तर उकळून थंड केलेलंच पाणी वापरा, विहिरीचं किंवा नळाचं थेट नको. लहान मूल कायम तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

सहाचा पाढा

चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारिआनो रोकाबादो यांनी घालून दिलेली पद्धत आजही वापरली जाते: सहा व्यायाम, प्रत्येक सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. सहा वेळा कुणी करत नाही. सकाळी, दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी असं तीनदा नीट केलं तरी चालेल. एका फेरीला पाच मिनिटं लागतात.

पहिला: जिभेने टाळूवर ‘टॉक’ असा आवाज काढा आणि जीभ तिथेच राहू द्या. नाकाने पोटापर्यंत सहा सावकाश श्वास.

दुसरा: जीभ टाळूवर ठेवूनच तोंड उघडा. जीभ सुटायच्या आत थांबा, मिटा. एवढ्या उघडण्यात सांधा फक्त फिरतो, घसरत नाही, म्हणून ‘कट्ट’ वाजणाऱ्यांनाही चालतो. आरशात बघून हनुवटी सरळ रेषेत ठेवा. घाईत केला तर व्यर्थ. एक उघडझाप पाच सेकंदांची.

तिसरा: जीभ तिथेच, दात सुटे. हनुवटी अंगठा आणि तर्जनीत धरून उजवीकडे हलका दाब द्या, जबड्याने तो अडवायचा. मग डावीकडे, वर, खाली. प्रत्येक दाब दोन-तीन सेकंद. जबडा जागचा हलला म्हणजे जोर जास्त झाला. इथे ताकद वाढवायची नसते, दोन्ही बाजूंना सारखं काम करायला शिकवायचं असतं. जोर दाखवायची हौस असलेल्यांचं याच व्यायामात दुखणं वाढतं.

चौथा: दोन्ही हातांची बोटं गुंफून मानेमागे ठेवा म्हणजे मान वाकणार नाही. आता फक्त कवटीच्या बुडाशी ‘हो’ म्हटल्यासारखी मान लववा, जेमतेम 15 अंश. नाक खाली येतं, मान तिथेच. कवटीखालचे छोटे स्नायू सैल होतात आणि डोक्यामागून वर चढणारी डोकेदुखी असलेल्यांना याचाच गुण लवकर येतो.

पाचवा, आणि सगळ्यात जास्त चुकणारा: डोकं सरळ मागे नेणं. भिंतीला पाठ लावून बसा. नजर समोरच्या एका ठिकाणी ठेवा. डोकं वरही नाही, खालीही नाही, सरळ मागे सरकवा, शेंडीकडून कुणी वर उचलतंय असं वाटू द्या. तीन सेकंद थांबा आणि सोडा. बहुतेक लोक हनुवटीवर बोट ठेवून ती मागे ढकलतात. त्याने डोकं नव्हे, जबडा मागे जातो, सांध्याचं टोक मागच्या नाजूक भागावर दाबलं जातं आणि दुसऱ्या दिवशी कान दुखतो. बोट लावायचंच असेल तर वरच्या ओठावर लावा, म्हणजे कवटीलाच जोर लागेल. दुसरी चूक म्हणजे डोकं मागे नेताना दात आवळणं. आवळले तर जे सोडवायला बसलात तेच घट्ट होतं. जिभेचं टोक टाळूवर असेल तर ही चूक आपोआप टळते.

सहावा: खांद्याची दोन्ही पाती मागे आणि खाली, पँटच्या मागच्या खिशांकडे न्या. छाती फुगवू नका आणि कंबरेत कमान करू नका. खांदे कानांकडे चढत असतील तर आधी ते खाली सोडा, मगच मागे.

या सहांच्या जोडीला एक आमच्याकडून. आंघोळीच्या टॉवेलची 8 ते 10 सेंटिमीटर जाडीची गुंडाळी करून, खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकांच्या ओळीत आडवी ठेवून तिच्यावर पाठ टेका. गुडघे उभे, हात डोक्याखाली. पाच श्वास. मग दोन-तीन सेंटिमीटर वर सरका, पुन्हा पाच. अशा तीन जागा. पाठीचा वरचा भाग उघडल्याशिवाय मान मागे न्यायचा सगळा खटाटोप मानेच्याच तळाशी येऊन साचतो. हाडं ठिसूळ असतील किंवा मणका मोडलेला असेल तर हा करू नका.

गाल चोळायचा तर दात सुटे ठेवून तीन बोटांनी गालाच्या हाडाखालून जबड्याच्या कोपऱ्याकडे सावकाश खाली या, दहा वेळा. जबड्याच्या कोपऱ्याखाली गळ्यावर जोर देऊ नका, तिथून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी जाते. आधी 15 मिनिटं ओल्या गरम टॉवेलचा शेक घेतला तर स्नायू लवकर ऐकतो. मार लागून सूज असेल तर शेक नको, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दहा मिनिटं.

स्कूटरपासून माटोळीपर्यंत

इथल्या बऱ्याच जणांची मान दुचाकीवर जाते. हेल्मेट मोठं असेल तर जुवारीच्या पुलावरच्या वाऱ्यात ते मागे उचललं जातं आणि मान सगळा रस्ताभर त्याच्याशी झुंजते. लहान असेल तर गालांच्या गाद्या मॅसेटर दाबत राहतात. घालून पट्टा न बांधता डोकं जोरात हलवा: हेल्मेट हललं तर गालांची कातडीही हलायला हवी, नुसतं हेल्मेट नव्हे. पट्टा आणि हनुवटीखालच्या भागात दोन बोटं जायला हवीत. दिवसभर प्रवासी नेणाऱ्या पायलटांना, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्यांना, याचा फार फरक पडतो. खड्डा येणार दिसला की दात आवळण्याची सवय सगळ्यांना असते; त्याऐवजी ओठ मिटून जीभ टाळूला ठेवा. दात आपटत नाहीत आणि जीभही मध्ये सापडत नाही. पावसात रेनकोटाच्या आत खांदे वर काढून चालवलं जातं, तेव्हा प्रत्येक सिग्नलला ते जाणून खाली सोडा.

कदंबा बसमध्ये बसून फोन बघणाऱ्यांनी पिशवी मांडीवर घेऊन कोपर तिच्यावर टेकवावेत, म्हणजे फोन छातीच्या उंचीला येतो. कान आणि खांद्यात फोन दाबून बोलणं पूर्ण बंद. त्यात जबडा एका बाजूला ढकलला जातो आणि मान त्याच बाजूला मुडपते. लॅपटॉपवर काम असेल तर तो पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि कीबोर्ड वेगळा घ्या. मात्र कितीही चांगली बैठक अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका. ‘योग्य’ बैठकीत दोन तास गोठून बसलेल्याची मानही दुखते.

आदोळीवर (विळीवर) नारळ खवताना किंवा मासे कापताना हाताला जोर लागला की दात आपोआप आवळले जातात, आणि मान तर खाली असतेच. दोन नारळ झाले की उठा. चवथीच्या आधी माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट) बांधताना याच्या बरोबर उलट होतं: डोकं मागे, तोंड उघडं, हात वर, असे दोन-तीन तास. पक्कं स्टूल घेऊन इतकं वर चढा की हात डोळ्यांच्या पातळीला येतील, आणि बांधणारा व खालून देणारा यांनी दर दहा मिनिटांनी जागा बदला. कांगलां, सुपारीचे घड, कवंडळ बांधून झाल्यावर वरचा चौथा व्यायाम सहादा करून मगच खाली वाकायच्या कामाला लागा.

वादकांपैकी सर्वाधिक त्रास पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन वाजवणाऱ्यांना, आणि गोव्यात ते पिढ्यान्‌पिढ्या वाजतं आहे. वाद्य जबडा आणि गळ्याच्या हाडात धरलं जातं. जबड्याने दाबून धरलं तर डावा मॅसेटर, डावा खांदा आणि सांधा तिन्ही बिघडतात. ताठ उभं राहून, समोर बघत, जबड्याच्या कडेपासून गळ्याच्या हाडापर्यंतचं अंतर मोजा. त्यातून व्हायोलिनच्या कडेची जाडी वजा करा. उरलेली उंची वरच्या चिनरेस्टने आणि खालच्या शोल्डररेस्टने भरून काढायची. वाद्य जबड्यापर्यंत आणायचं, जबडा वाद्यापर्यंत नाही. मांडी घालून वाजवणारे वाद्याचं टोक पावलावर टेकवतात, त्यांचा जबडा यातून सुटतो, पण त्यांनी कंबरेखाली घडी घातलेली चादर घ्यावी.

वास्कोच्या सप्ताहासारख्या रात्रभर चालणाऱ्या भजनात गाणाऱ्यांनी वरच्या सुरासाठी हनुवटी पुढे काढू नये. स्वर तिथून चढत नाही, फक्त मानेच्या शिरा चढतात. पेटीवाल्याने धडासकट वळावं, नुसती मान वळवून गायकाकडे बघत बसू नये.

खाणं आणि झोप

जबडा दुखता असताना दोन आठवडे मऊ खा: पेज, नुस्त्याची (माशांची) कढी-भात, शिजलेल्या भाज्या. उंडो (गोव्याचा गोल पाव) पुढच्या दातांनी ओढून तोडायचा नाही, कुस्करून कढीत भिजवायचा. कांकणं (बांगडीसारखे कडक पाव), जत्रेतलं खाजं, चिक्की, ऊस, चिवट माणक्यो (स्क्विड) आणि च्युइंगगम बंद. घास दोन्ही बाजूंनी चावा. जांभई आली की जीभ टाळूला लावा किंवा हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे जबडा फार उघडणार नाही. दंतवैद्याच्या खुर्चीत लांबलचक काम असेल तर मध्ये विश्रांती मागा आणि मागच्या दातांत ठेवायचा रबरी आधार द्यायला सांगा.

पालथं झोपणं सगळ्यात वाईट: रात्रभर मान एका बाजूला पिळलेली आणि जबडा उशीवर दाबलेला. कुशीवर झोपत असाल तर उशीची जाडी कानापासून खांद्याच्या टोकापर्यंतच्या अंतराएवढी हवी, दाबल्यानंतरची. हात गालाखाली घ्यायचा नाही. उताणं झोपणाऱ्याला पातळ उशी पुरते.

झोपेत दात खाणाऱ्यांना दंतवैद्य नाइट गार्ड देतात. तो दातांची झीज वाचवतो आणि सांध्यावरचा भार काहीसा कमी करतो. दात खाणं तो बंद करत नाही, आणि दिवसाची सवय तर अजिबात नाही. माप घेऊन केलेला, एका ओळीचे सगळे दात झाकणारा कडक ॲक्रिलिकचा चांगला. फक्त पुढचे दात झाकणारे काही गार्ड महिनोन्‌महिने लावले तर मागचे दात सरकतात. गरम पाण्यात मऊ करून स्वतः चावून बसवायच्या पट्ट्या स्वस्त असतात, पण काहींचं आवळणं त्याने वाढतंच. गार्ड गार पाण्याने आणि ब्रशने धुवा, गरम पाण्याने तो वाकडा होतो, आणि इथल्या दमट हवेत बंद डबीत ओला ठेवू नका, भोकं असलेली डबी घ्या.

दात कानशीने झिजवून चावा ‘बसवून’ देतो असं कुणी मानदुखीवर सुचवलं तर दुसरं मत घ्या. झिजवलेला दात परत येत नाही. तीन आठवडे सवय मोडून आणि व्यायाम करूनही फरक नसेल तर आधी दंतवैद्य आणि मग फिजिओथेरपिस्ट असे दोघांना दाखवा, आणि वजनकाट्याच्या चाचणीत लिहून ठेवलेल्या जागा दोघांनाही दाखवा.